पांढऱ्या वाळूतली वाटी

१

वाळूत वाटीच्या आकाराचा गोल खळगा तेवढा उरला होता. वाटी गायब होती.

एकनाथराव सोळंक्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा बघितलं. चष्म्यानं काही फरक पडणार नव्हता. मिरचीची भजी खायला सगळी मंडळी व्हरांड्यात गेली, तेव्हा प्लॅटिनमची ती वाटी कढईतल्या पांढऱ्या वाळूत अर्धी रुतून बसली होती. भजी संपवून मंडळी परत आली, तर वाटीचा पत्ता नाही.

"फाटक लावा!" एकनाथराव गरजले. "कुणीबी बाहेर जायचं नक्को!"

रंजनाबाई वाकणकरांच्या हातात अजून अर्धं भजं होतं. ते त्यांनी आधी संपवलं. अख्खी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत विषं आणि डाग ओळखण्यात गेलेली, त्यामुळे एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. गुन्हा झाल्यावर जो तो घाईला येतो, आणि घाईत हाती काही लागत नाही. निवृत्तीनंतर त्या हैदराबादेत हिमायतनगरात राहत. चिक्कडपल्लीच्या या घरात त्यांचं येणं-जाणं एकनाथरावांच्या पत्नी कुसुमताईंच्या मैत्रीमुळे होतं आणि, खोटं कशाला बोला, कुसुमताईंच्या भज्यांमुळेही होतं.

पदराला हात पुसून त्यांनी कढईवर तळवा धरला.

"हात नको घालू गं त्यात, रंजना," कुसुमताई म्हणाल्या. "शेंगा भाजून निघतील अजून."

"घालत नाही," रंजनाबाई म्हणाल्या आणि दालनभर नजर फिरवू लागल्या.

एकनाथरावांचं घराणं मूळचं वसमतकडचं. निजामाच्या काळात आजोबा अफझलगंजात येऊन गुळासाखरेचा व्यापार करू लागले, तो एकनाथरावांनी वाढवला. पण त्यांचा जीव साखर विकण्यापेक्षा ती पूर्वी बनवायचे कशी, यातच अडकलेला. बंद पडलेल्या कारखान्यांच्या भंगारातून त्यांनी एकेक वस्तू वेचून आणली. रस गाळून पांढरा करायच्या कोळशाच्या गाळण्या, अर्क काढायची तांब्याची भांडी, तेजाब म्हणजे ॲसिड आटवायच्या बरण्या. सगळ्यात मौल्यवान होती ती वाटी. दोनशे वर्षांपूर्वी तेजाब करणारे लोक काचेची भांडी तडकतात म्हणून प्लॅटिनमची वापरत, त्यातलीच ही एक. दिसायला अगदी करडी आणि मंद. न सांगता समोर ठेवली तर जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, समजून कुणीही तिच्यात चटणी वाढून घेईल.

उद्या सकाळी या संग्रहाच्या आणि त्याच्या जागेच्या ट्रस्टची रजिस्ट्री होती. सगळा कारभार पुतण्या विकासच्या हाती सोपवायचा, असं एकनाथरावांनी ठरवलेलं. त्या आनंदात आज घरच्या माणसांसाठी आणि शशिकांत भाव्यांसारख्या जुन्या ओळखीच्यांसाठी खेळ मांडला होता.

खेळाचा क्रम ठरलेला असे. आधी कढईतली वाळू शेगडीवर कडक तापवायची आणि तिच्यात एक तांब्याची वाटी, एक प्लॅटिनमची वाटी ठेवायची. तांब्याची काळी पडते, प्लॅटिनमची जशीच्या तशी राहते. मग शेगडी बंद आणि मोहरा "बेगम"कडे. बेगम म्हणजे दालनाच्या मधोमध बसलेलं तांब्याचं मोठं गोलमटोल भांडं. पूर्वी उघड्या कढईत रस आटवताना साखर करपून तांबडी व्हायची. मग कुणा डोकेबाज माणसानं कढईवर झाकण घातलं, पंपानं आतली हवा ओढून काढली, आणि साखर पांढरी राहू लागली. विकास न्हाणीतल्या गीझरचं पाणी आणून बेगमच्या पोटात ओतायचा, तेच तिच्या दुहेरी भिंतीतही भरायचा आणि पंप सुरू करायचा. थोड्याच वेळात काचेच्या खिडकीमागे पाणी खदखदा उकळू लागे. "लांब राहा, पोळाल!" असं एकनाथराव ओरडत आणि पाहुणे दोन पावलं मागे सरत.

त्यानंतर भजी. आणि भज्यांनंतर खेळाचा शेवट. नव्या पाहुण्याला हा शेवट आधी सांगायचा नाही, असा घरचा दंडक होता. नात योगिनीनंसुद्धा तो कधी मोडला नाही. आज नवखा माणूस एकच होता, योगिनीचा होणारा नवरा तेजस. ऑफिसच्या कामांमुळे आजवर प्रत्येक खेळ चुकवलेला. शेवटाला त्याचं तोंड कसं होतं, ते बघायला सगळं घर टपून बसलं होतं.

पण आज शेवट झालाच नाही. पिशव्या झाल्या, कपाटं झाली, स्वयंपाकघरातले डबेसुद्धा उघडून झाले. वाटी कुठेच नव्हती.

तेव्हा तेजस पुढे आला. त्याच्या उजव्या हाताला योगिनीचा रुमाल गुंडाळलेला होता.

"आजोबा, मला खरं तर बोलायचं नव्हतं," तो म्हणाला. "पण वाटी कुणी घेतली, ते मी बघितलंय."

२

"त्या बेगमचा आवाज एकदम वाढला," तेजस सांगू लागला. "मला वाटलं, ओव्हरफ्लो होतंय. म्हणून मी व्हरांड्यातून आत आलो. खोलीत कुणी नव्हतं. काचेजवळ वाकलो, तर त्या पितळी तोटीतून उकळतं पाणी फर्रकन उडालं हातावर! सिरियसली, जीव गेला. हात झाडत बाहेर पळालो, तर दारातून विकासकाका आत आले. मागे वळून बघितलं तेव्हा ते वाळूपाशी उभे होते. रुमालात काहीतरी गुंडाळत होते."

विकास पंपाशेजारी उभा होता. चाळिशीचा, आडव्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हापासून या घरात वाढलेला. बेगमचा एकेक वॉशर त्यानं आपल्या हातानं बदलला होता.

"काका, मी गरम पाणी आणायला न्हाणीत गेलतो," तो म्हणाला. "भिंतीतलं पाणी निवतं म्हणून बदलावं लागतं, तुम्हाला म्हाईत हाय. दोन खेपा केल्या. वाटीला मी हात लावला नाही."

"मग वाटी काय उडून गेली?"

"ते मला काय म्हाईत?"

"ह्या पोराचा हात भाजलाय, तो खोटं कायको बोलेल?" एकनाथरावांचा आवाज चढला. "शशिकांतराव, बघा! रंजनाबाई, तुम्हीबी बघा! घरात चोर पाळला मी!"

त्यांनी विकासच्या खिशातून दालनाच्या चाव्या ओढून घेतल्या आणि टेबलावर आपटल्या. "दिवेलागणीला वकील यायलेत कागद दाखवायला. तोवर वाटी समोर आली तर ठीक, नायतर ह्याचं नाव खोडायचं आणि पोलिसाला फोन करायचा."

विकास टेबलावरच्या चाव्यांकडे बघत राहिला. कुसुमताईंनी मात्र रंजनाबाईंचा दंड घट्ट धरला. "रंजना, हे पोर चोर नाही गं. तू काहीतरी कर!"

"करते," रंजनाबाई म्हणाल्या. "पण मला चहा लागेल."

चहा आला. त्यांनी पहिल्यांदा शशिकांत भाव्यांना गाठलं. भावे पुण्याचे, जुनी शास्त्रीय उपकरणं घेण्या-विकण्याचा धंदा करणारे. या वाटीवर त्यांचा किती वर्षं डोळा होता, हे सगळ्या घराला माहीत होतं, कारण दर भेटीत ते स्वतःच सांगत.

"मागितली आहे, आणि पुढेही मागणार," भावे मिशीतल्या मिशीत हसले. "पण चोरून काय करू? अशी वाटी भारतात विकायला काढली की घेणारा पहिला फोन मलाच करणार. आणि समजा घ्यायचीच असती, तर आधी कुसुमताईंकडे सांडशी मागितली असती. त्या वाळूत हात घालायला मी काय खुळा आहे?"

"तुम्ही होतात कुठे?"

"अंगणात, फोनवर. बायको ओरडत होती. शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल."

रंजनाबाई हसल्या आणि तेजसकडे वळल्या. पोरगा देखणा होता, बोलायला गोड. योगिनी त्याच्या शेजारी बसून होती. तिनंच त्याच्या बोटांना टूथपेस्ट लावली होती.

"बघू रे हात."

"इट्स ओके, काकू. फारसं नाही."

"अरे, मी डाग बघण्यातच म्हातारी झाले. दाखव."

त्यानं रुमाल सोडला. टूथपेस्टखाली अंगठ्याच्या आणि पहिल्या दोन बोटांच्या पेरांवर पांढरे फोड आले होते. हाताची मागची बाजू, मनगट, तळवा, सगळं कसं स्वच्छ होतं. रंजनाबाईंनी हात उलटासुलटा करून बघितला आणि हळूच परत त्याच्या मांडीवर ठेवला.

"पाणी उडालं, तेव्हा आत उकळी होती?"

"ऑफकोर्स! खदखदत होतं नुसतं."

"आणि पाण्यानंच भाजलं?"

"हंड्रेड पर्सेंट."

"विकासला वाळूपाशी बघितलंस, हेही तसंच पक्कं?"

तेजसनं क्षणभर योगिनीकडे बघितलं. "हो काकू. सॉरी, पण हो."

रंजनाबाई उठून बेगमपाशी गेल्या. खेळाआधी कुसुमताईंनी रिवाजाप्रमाणे बेगमच्या गळ्यात मोगऱ्याचा गजरा घातला होता. रंजनाबाईंनी त्यातली एक कळी चिमटीत धरून बघितली. मग दाराकडे गेल्या. दाराशेजारी आग विझवायच्या रेतीची लाल बादली टांगलेली होती. तिच्यात त्यांनी डोकावून बघितलं, आणि त्यांचं सगळं कोडं सुटलं. चोर कोण, हे आता त्यांना ठाऊक होतं. वाईट एवढंच वाटलं, की ते योगिनीसमोर सांगावं लागणार होतं.

"एकनाथराव," त्यांनी हाक मारली. "खेळ अर्धाच राहिलाय. वकील यायच्या आत पुरा करून टाकू."

३

"आत्ता खेळ सुचायला तुम्हाला?" एकनाथराव चिडले.

"हौ," रंजनाबाई हैदराबादी थाटात म्हणाल्या. "विकास, पाणी आण. पंप लाव."

विकासनं काकांकडे बघितलं. एकनाथरावांनी मान फिरवली. ती त्यानं परवानगी समजली. गरम पाणी आलं, पंप घरघरला, आणि थोड्या वेळानं काचेमागे पुन्हा मोठाले बुडबुडे फुटू लागले.

"तेजस, कुठल्या तोटीतून पाणी उडालं?"

तेजसनं काचेखालची पितळी तोटी लांबूनच दाखवली. रंजनाबाईंनी भज्यांचा तेलकट कागद उचलला, त्याचा एक तुकडा तोटीच्या तोंडाशी धरला आणि तोटी किंचित फिरवली. शिट्टीसारखा बारीक आवाज आला. कागद बाहेर उडाला नाही. चापट मारल्यासारखा तोटीला आतल्या अंगाला चिकटून बसला.

"आतली हवा पंपानं काढून घेतलेली," रंजनाबाई म्हणाल्या. "त्यामुळे तोटी उघडली की बाहेरची हवा आत घुसते. इथून पाणी बाहेर उडणं शक्यच नाही."

"मग... दुसरीकडून कुठून तरी उडालं असेल," तेजस म्हणाला. "मी घाबरलो होतो, काकू. नीट बघितलं नाही."

"असेल. घाबरल्यावर माणसाला कळत नाही." त्यांनी तोटी पुरती उघडली. उकळी बसली. विकासनं झाकणाचे नट सैल केले आणि झाकण बाजूला घेतलं. आतून वाफेचा पातळ पदर वर आला. रंजनाबाईंनी साडीचा पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि आत्ताच खदखदत असलेल्या त्या पाण्यात हात घालायला निघाल्या.

"काकू, नका!" तेजस जागेवरून उसळला. "भाजाल! काय करताय?"

बाकी कुणी हललं नाही. भावे खुर्चीत रेलून बसले होते. कुसुमताईंच्या हातातला चहाचा कपसुद्धा हलला नाही. योगिनी तेवढी हळूहळू तेजसकडे वळली, आणि तिचे डोळे भरून आले.

रंजनाबाईंनी हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला, आत जरा हलवला आणि बाहेर काढला. हात जसाच्या तसा होता.

"आंघोळीचं पाणी आहे," त्या म्हणाल्या. "हवा काढून घेतली की पाणी कमी उष्णतेत उकळतं. म्हणून तर साखर करपत नाही. साखरवाल्यांची अक्कल हीच. आणि आपल्या खेळाचा शेवटही हाच. एकनाथराव या उकळत्या पाण्यात हात घालतात आणि नवखा पाहुणा किंचाळतो. गळ्यातला गजरा बघा, एक कळीही सुकलेली नाही. पोळणाऱ्या भांड्यावर मोगरा इतका वेळ टिकला असता का?"

आता सगळ्यांच्याच माना तेजसकडे वळल्या.

"या घरात ज्यानं खेळ एकदा पुरा बघितलाय, तो बेगमच्या पाण्यानं भाजलं अशी थाप कधीच मारणार नाही," रंजनाबाई सावकाश म्हणाल्या. "विकास नाही, भावे नाहीत, घरातलं कुणी नाही. शेवट ठाऊक नसलेला माणूस इथे एकच आहे. मग तेजस, तुझी बोटं भाजली कशानं? पाणी उडालं असतं तर शिंतोडे हाताच्या मागच्या बाजूला, मनगटावर दिसले असते. तुझे फोड नेमके पेरांवर. चिमटीत कड धरल्यावर येतात तसे. शेगडी बंद झाली, वाळू दिसायला थंड दिसत होती, प्लॅटिनम तापलं तरी रंग बदलत नाही. तू बिनधास्त हात घातलास."

"मग वाटी कुठं हाय?" एकनाथरावांचा आवाज खाली आला होता.

"इतकी तापलेली वाटी खिशात राहील का? पिशवीत टाकली तर पिशवी जळेल, धूर होईल. पाण्यात टाकली तर चर्र आवाज. हाताशी असं काय होतं, की जिथे तापलेली वस्तू गुपचूप जिरेल?" त्यांनी दाराकडे बोट केलं. "बादलीतली रेती जाड आणि तांबडी आहे. तिच्यावर बारीक पांढरे कण सांडलेत, कढईतल्या वाळूचे. योगिनी, बघ गं."

योगिनी उठली. बादलीत हात घालून तिनं रेती उकरली. करडी, मंद वाटी बाहेर आली. अजून कोमट होती. तिनं ती आजोबांपुढे ठेवली आणि तेजसकडे न बघता विचारलं, "का?"

४

तेजसनं भाजलेला हात पुन्हा रुमालात गुंडाळला. मग एका दमात बोलू लागला.

"मला विकायची नव्हती. ट्रस्ट झाला की ही जागा कायमची म्युझियममध्ये अडकणार. एक बिल्डर ओळखीचा आहे, त्यानं किती चांगला प्लॅन दिला होता! आपलं घर झालं असतं, योगिनी. वाटी विकासकाकांच्या हत्यारांच्या पिशवीत टाकायची, ते बाजूला झाले असते, आजोबांनी ट्रस्टचं मनातून काढलं असतं. एवढंच. पण ती इतकी तापली होती की पिशवीपर्यंत नेताच आली नाही. रुमालानं कशीबशी धरून बादलीत टाकली."

"एवढंच?" कुसुमताई म्हणाल्या. "एका माणसाला चोर ठरवायचं, ते एवढंच?"

एकनाथरावांनी वकिलाला फोन लावला, "कागद जसेच्या तसे आणा, काय बी बदलायचं नाही," असं सांगून ठेवला आणि टेबलावरच्या चाव्या उचलल्या. विकासपाशी जाऊन त्याच्या हाताजवळ धरल्या. "घे," ते पुटपुटले.

विकासनं हात पुढे केला नाही.

"काका," तो म्हणाला. "चोर म्हणताना तुम्ही सगळ्यांना हाका मारून म्हटलंत. चाव्या द्यायलात ते कानात सांगितल्यासारखं. मला तुम्ही एकदा तरी विचारायचं होतं. लहानपणापासून तुमच्या ताटात जेवलो मी."

अफझलगंजच्या बाजारात एकनाथरावांनी कुणाची माफी मागितलेली कुणाला आठवत नव्हतं. व्यापाऱ्यांशी भांडले, हमालांशी भांडले, एकदा इन्कमटॅक्सवाल्याशीही भांडले, पण चूक कबूल केली नाही. आता मात्र त्यांची मान खाली गेली.

"माझं चुकलं, विकास."

"जोरात," कुसुमताई म्हणाल्या. "भावेसाहेबांना ऐकू नाही आलं."

भावे घाईघाईनं म्हणाले, "आलं, आलं."

"नाही, बरोबर हाय तिचं," एकनाथराव म्हणाले. त्यांनी मान वर केली, दालनातल्या एकेकाकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी माझ्या पोराला चोर म्हटलं. पोर इमानदार हाय. नादान मी निघालो. माझं चुकलं!" बोलता बोलता म्हाताऱ्याचे डोळे वाहू लागले, आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही.

विकासनं चाव्या घेतल्या. काकांचा हात क्षणभर आपल्या दोन्ही हातांत धरला. मग तो अंगणात गेला आणि दुपारपासून बंद असलेलं फाटक त्यानं उघडलं.

"तेजसराव," तो म्हणाला, "या आता."

पोलिसांचं नाव कुणी काढलं नाही. तेजस अंगण ओलांडून फाटकापाशी पोचला, तशी योगिनी त्याच्या मागोमाग गेली. ही पोरगी त्याला माफ करते की काय, असं रंजनाबाईंना वाटून गेलं. योगिनीनं बोटातली अंगठी काढली आणि तेजसच्या डाव्या हातात ठेवली. तो काहीतरी बोलू गेला. ती थांबली नाही. उलट पावली परत आली आणि विकासपाशी उभी राहिली.

"काका, उद्या रजिस्ट्रीला कधी निघायचं? गाडी मी चालवते. आणि ट्रस्टवर अजून एक माणूस लागत असेल, तर माझं नाव घाला."

विकासनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली.